जुनी पानं पुन्हा काढावीत का? वेबकॉमिक करणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

माझ्या वेबकॉमिकच्या सातव्या पानावर पुण्याच्या कसबा पेठेतल्या वाड्यातून एक आजी बाहेर पडते. २०१५ साली मी ते पान काढलं तेव्हा माझा हात बसलेला नव्हता. आजीचा डावा हात उजव्यापेक्षा लांब झाला आणि वाड्याचा दिंडी दरवाजा जेमतेम तिच्या खांद्याएवढा राहिला. पुढची चार वर्षं कुणी "तुमचं कॉमिक वाचायला घेतलंय" म्हटलं की मला आधी ते सातवं पान आठवायचं आणि पोटात गोळा यायचा. शेवटी २०१९ मध्ये ठरवलं, पहिल्या पानापासून सगळं पुन्हा काढायचं.

७ महिने मी तेच केलं. ३१ पानं झाली, एकेका पानाला साधारण ७ तास. त्या काळात गोष्ट एका पानानंही पुढे सरकली नाही. एकतिसावं पान संपवून मी नव्यानं काढलेलं पहिलं पान उघडलं, तर तेही जुनं दिसायला लागलं होतं, कारण मधल्या काळात हात आणखी सुधारला होता. वाचकांच्या निरोपांमध्ये आजीच्या हाताबद्दल एक अक्षर नव्हतं. ते विचारत होते, वाडा पाडला की नाही?

तिथे मी थांबले. ती ३१ पानं बाजूला ठेवली, गोष्ट पुढे नेली आणि दोन वर्षांनी हेच काम निराळ्या रीतीनं हाती घेतलं. त्या दुसऱ्या खेपेत जे जमलं ते इथे क्रमानं लिहिते आहे. माझं मत आधीच सांगते: सरसकट पुन्हा काढू नका. वाचक जिथे अडखळतो तेवढं दुरुस्त करा, गोष्ट अपुरी असेल तर आधी ती पुढे न्या, आणि जुनं पान कधीही पुसून टाकू नका.

पायरी १: कारण लिहून काढा

वहीत एका ओळीत लिहा: "मला हे पान पुन्हा काढायचंय, कारण..." प्रत्येक पानासाठी वेगळी ओळ. दहा पानं झाली की त्या ओळी वाचून बघा. माझ्या वहीत दहांपैकी सहा ठिकाणी एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत आली होती: "बघवत नाही." हे कारण खरं आहे, त्यात कमीपणा काही नाही, पण ते चित्रकाराचं कारण आहे. त्यासाठी वाचकाला ७ महिने ताटकळत ठेवणं मला आज योग्य वाटत नाही.

वाचकाच्या बाजूनं बघितलं तर कारणं मोजकीच उरतात. अक्षर वाचता येत नाही. कोण बोलतंय ते कळत नाही. पहिल्या प्रकरणात डावखुरा असलेला माणूस पुढे उजव्या हातानं लिहितो आणि गोष्टीचा धागा त्या हातावरच अवलंबून आहे. किंवा वेबसाठी काढलेलं पान आता छापायचं आहे.

आणखी एक कारण आहे, ते मी या सगळ्यांच्या वर ठेवते. एखाद्या पानानं कुणाचा तरी अपमान केलेला असतो. माझ्या एकोणिसाव्या पानावर मंडईतली एक भाजीवाली होती आणि त्या पानातला सगळा विनोद तिच्या बोलीवर उभा होता. ती बोली बोलणाऱ्या एका वाचक मुलीनं मला शांतपणे लिहिलं, "ताई, माझी आई अशीच बोलते." ते पान मी त्याच आठवड्यात पुन्हा काढलं. भाजीवालीची बोली तशीच ठेवली, पण विनोद आता भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकावर आहे. अशा पानासाठी वेळेचा हिशेब करत बसू नये. बेल्जियन चित्रकार हर्जेनं आपल्या टिनटिन या कॉमिकच्या काँगोमधल्या गोष्टीत हे वारंवार केलं. १९४६ च्या रंगीत आवृत्तीत आफ्रिकेतल्या मुलांना बेल्जियमचं गुणगान शिकवणारा वर्ग काढून तिथे गणिताचा तास आणला, आणि १९७५ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या आवृत्तीसाठी गेंड्याला सुरुंगानं उडवण्याचं पान बदललं. तरीही त्या पुस्तकातला वसाहतवादी सूर गेला नाही. मुळातच वाकडी असलेली नजर एखाद-दुसरी चौकट बदलून सरळ होत नाही, हे आपल्या पानाकडे बघतानाही ध्यानात ठेवायला हवं.

पायरी २: घड्याळ लावून तीन पानं काढा

"एका पानाला किती वेळ लागतो?" याचं अंदाजानं दिलेलं उत्तर जवळजवळ नेहमी कमी असतं. सलग तीन पानांना घड्याळ लावा, त्यात स्कॅनिंग आणि लेटरिंग, म्हणजे संवादांची अक्षरं बसवणं, हेही धरा. मग साधा गुणाकार. माझ्या कॉमिकची आज एकूण २१२ पानं आहेत. ७ तासांच्या हिशेबानं १,४८४ तास होतात. नोकरी सांभाळून आठवड्याला १० तास मिळत असतील तर १४८ आठवडे, म्हणजे पावणेतीन वर्षांच्या वर. तेवढ्या काळात आठवड्याला एक या वेगानं १४८ नवी पानं झाली असती. आणि हे काम मारुतीच्या शेपटासारखं वाढतं: शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात पुन्हा जुनी झालेली असते.

हे दोन आकडे एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून टेबलासमोर लावा. मला त्याचा उपयोग झाला.

पायरी ३: वाचक कुठे अडतो ते गप्प बसून बघा

ही पायरी वगळू नका, बाकीचं सगळं हिच्यावर उभं आहे.

तुमचं कॉमिक न वाचलेली तीन माणसं शोधा. मित्र-चित्रकार नकोत, ते रेषा बघतात. मी बघितलं ते शेजारचा आठवीतला मुलगा, ऑफिसमधल्या एक बाई आणि माझे मामा, ज्यांनी आयुष्यात कॉमिक्स वाचलेली नाहीत. प्रत्येकाच्या हातात त्यांचाच मोबाइल द्या, पहिली दहा पानं उघडून द्या आणि शेजारी वही घेऊन बसा. काही समजावून सांगायचं नाही. "चित्र कसं वाटलं?" हा प्रश्न तर विचारायचाच नाही, कारण त्याला सगळे "छान" म्हणतात आणि आपण होतो तिथेच राहतो. वहीत तीनच खुणा करा: वाचणारा थांबला, बोट मागे सरकवून आधीची चौकट पाहिली, किंवा काही विचारलं. कुठल्या पानावर, कुठल्या चौकटीवर, तेही लिहा.

जमलं तर हीच परीक्षा चालत्या बसमध्ये घ्या. मी मामांना स्वारगेट ते कात्रज बसमध्ये वाचायला दिलं. घरात टेबलाशी बसून वाचता येणारं अक्षर पीएमपीच्या धक्क्यांमध्ये आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात वाचता येत नाही, आणि आपलं काम लोक तिथेच वाचतात.

आजीच्या लांब हाताकडे तिघांपैकी कुणीही पाहिलं नाही. सातव्या पानावर दोघं थांबले ते दरवाजापाशी. आठवीतल्या मुलानं विचारलं, "ताई, ही खिडकीतून उडी मारतीये का?" चार वर्षं मी चुकीच्या जागेची लाज बाळगत होते. आणि तिघांच्या मिळून झालेल्या खुणा मोजल्या तेव्हा निम्म्याहून जास्त जागा चित्राच्या नव्हत्याच. त्या अक्षरांच्या होत्या.

पायरी ४: आधी अक्षरं

मराठी वेबकॉमिकच्या जुन्या पानांमध्ये सगळ्यांत जास्त नुकसान लेटरिंगनं केलेलं असतं आणि दुरुस्तीला सगळ्यांत कमी वेळही त्यालाच लागतो. एका पानाचं लेटरिंग मी अर्ध्या तासात बदलते. पूर्ण पान काढायला ७ तास लागतात, ते वर आलंच आहे. म्हणून या पायरीवर जरा रेंगाळते.

पहिली तपासणी: अक्षरं मोडली आहेत का? सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी चालू नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये हे टाळायला प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडावं लागायचं. माझ्या पहिल्या ४० पानांवर "म्हातारी" हा शब्द अनेक ठिकाणी तुटलेला होता. सवयीनं मला तो दिसत नव्हता, वाचणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी दिसत होता.

दुसरी तपासणी: ल, श आणि ऱ्य. बरेच देवनागरी फाँट मुळात हिंदीच्या वळणाचे ल आणि श दाखवतात. मराठी वाचकाला ते वाचता येतात, पण पान परकं वाटतं. चांगल्या फाँटमध्ये मराठी वळण आत दिलेलं असतं, मजकुराची भाषा मराठी अशी निवडली की ते आपोआप येतं. "दुसऱ्या", "वाऱ्यावर" हे शब्द टाइप करून बघा. चंद्रकोरीसारखा अर्धा र नीट येत नसेल तर तो फाँट संवादासाठी वापरू नका. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू हे दोन्ही फाँट खुल्या परवान्याचे आहेत, म्हणजे वेबवर आणि छापील पुस्तकात पैसे न देता वापरता येतात. लांब संवादाला मुक्त बरा पडतो. आरडाओरडा, हाका, दुकानांच्या पाट्या यांना बलू शोभतो.

तिसरी तपासणी युनिकोडची, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखी ओळखली जाण्याच्या पद्धतीची. जुन्या, युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फाँटमध्ये मजकूर टाइप केला असेल तर दुसऱ्या संगणकावर फाईल उघडल्यावर संवादाच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. अशा पानांचे संवाद सरळ नव्यानं टाइप करून एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ठेवा, पान क्रमांक आणि चौकट क्रमांक टाकून. पुढे पुस्तक करताना, कुणी भाषांतर मागितलं तर, किंवा "ती बाई नेमकं काय म्हणाली होती" हे शोधताना ही फाईल फार उपयोगी पडते.

चौथी, आकार. मोबाइलचा पडदा साधारण ६८ मिलिमीटर रुंद असतो. चित्र १०८० पिक्सेल रुंद असेल तर सुमारे १६ पिक्सेलला एक मिलिमीटर पडतो. ४० पिक्सेलचं अक्षर म्हणजे अडीच मिलिमीटर. त्याहून लहान अक्षर मी वापरत नाही. माझी सुरुवातीची पानं ए-फोर कागदाचा विचार करून काढलेली होती आणि मोबाइलवर त्यातलं अक्षर दीड मिलिमीटरही भरत नव्हतं.

पाचवी, ओळींमधलं अंतर. इंग्रजी कॉमिक्स बहुतेक कॅपिटल अक्षरांत असल्यामुळे त्यांच्या ओळी एकमेकींना चिकटून बसवता येतात. ते बघून आपण संवादाचे फुगे काढतो आणि फसतो. आपल्या लिपीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकला की डोळा तिथेच थबकतो. अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतर ठेवा. त्यामुळे फुगा उंच होणार, मग संवाद छाटावा लागणार. छाटा. माझ्या जुन्या पानांचं सगळ्यांत मोठं भलं या छाटणीनं झालं.

फाईलमधले चित्राचे आणि अक्षरांचे वेगवेगळे थर (लेयर्स) जपलेले नसतील, हाती फक्त सपाट चित्र असेल, तरी अडचण नाही. फुग्याच्या आतला पांढरा भाग निवडून पुन्हा पांढरा करा, गरज असेल तर कडा एका बाजूनं वाढवा, वर नवी अक्षरं ठेवा. क्रिता हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि एवढ्या कामाला पुरून उरतं. हातानं लिहिलेलं लेटरिंग सुवाच्य असेल तर मात्र त्याला हात लावू नका. हाताच्या अक्षरात पात्रांचा आवाज येतो, फाँटमध्ये तो आणावा लागतो.

पायरी ५: मग ठिगळ, आणि शेवटी पूर्ण पान

अक्षरं बदलल्यावर तीच दहा पानं दुसऱ्या तीन माणसांना द्या. उरलेल्या खुणा बघा. आता ठिगळानं काय भागतं ते ठरवायचं. कोण बोलतंय ते कळत नसेल तर बहुतेक वेळा फुग्याची शेपटी वळवून किंवा दोन फुग्यांची जागा बदलून काम होतं. माणूस मागच्या भिंतीत हरवत असेल तर पान करड्या छटांमध्ये बघा. माणूस आणि भिंत एकाच करड्याची निघाली तर भिंत फिकी करा. चेहऱ्यावरचा भाव कळत नसेल तर तेवढा चेहरा निराळ्या कागदावर काढून बसवा.

पूर्ण पान पुन्हा काढायचं ते तेव्हाच, जेव्हा तीनपैकी दोघांना त्या पानावर काय घडलं तेच सांगता आलं नाही. माझ्या पहिल्या १०० पानांत अशी ९ निघाली. सातवं पान त्यात नव्हतं. तिथे मी फक्त दरवाजा उंच केला, चौकटीच्या दगडांसकट. आजीचा हात तसाच लांब आहे.

ज्यांना हात लावू नये अशी पानं

काही पानं चुकीची असतात, तरी ती ठेवावीत.

पुण्यात राहून शहर काढणाऱ्यांनी तर हे नक्की करावं. माझ्या बाविसाव्या पानावर चांदणी चौकातला जुना पूल आहे. तो २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर स्फोटानं पाडला. ४५ व्या पानावर विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल आहे, तोही २०२० मध्ये पाडला गेला. नळस्टॉपला मी मोकळं आकाश काढलं होतं. आज तिथे एकावर एक उड्डाणपूल आणि मेट्रो आहे. २०१९ मध्ये सगळं पुन्हा काढायच्या भरात मी राहिले असते तर आज त्या जागा आजच्या रूपात काढल्या असत्या. त्या वेळी समोर उभं राहून, चुकीच्या पर्स्पेक्टिव्हनं का होईना, पाहून काढलेली रेषा मला आता फोटोवरून आणता येणार नाही.

ज्या पानावर वाचक हसतो तेही सोडून द्या. विनोद चौकटींमधल्या अंतरावर आणि एखाद्या वाकड्या भुवईवर तोललेला असतो. चित्र नीटनेटकं झालं की तो तोल जातो. मी एका पानावर हे करून बघितलं आणि जुनं पान परत लावलं.

कच्च्या चित्रामुळे वाचक येत नाहीत, असं मानणाऱ्यांना मी वन-पंच मॅन या कॉमिकचं उदाहरण देते. 'वन' या टोपणनावाच्या जपानी चित्रकारानं ते २००९ मध्ये वेबवर सुरू केलं. त्याची रेषा अगदी शिकाऊ वाटावी अशी, पण वाचक तुटून पडले. २०१२ पासून युसुके मुराता या कसलेल्या चित्रकारानं तीच गोष्ट नव्यानं काढली आणि ती जगभर गेली. पण वननं आपलं मूळ काम मागे घेतलं नाही, ते वेबवरच राहिलं. अमेरिकेतलं क्वेश्चनेबल कंटेंट हे वेबकॉमिक २००३ मध्ये सुरू झालं. त्याच्या पहिल्या पट्ट्यांमधली माणसं आणि आताची माणसं एकाच हातानं काढली आहेत हे पटायला वेळ लागतो, तरी पहिल्या पट्ट्या जिथल्या तिथे आहेत. पहिल्यापासून वाचत येणाऱ्याला चित्रकाराचा हात बसताना दिसतो. त्याचं त्या कॉमिकशी नातं जडायला तेही एक कारण असतं, असं माझं निरीक्षण आहे.

पायरी ६: काढायचंच आहे त्या पानांसाठी

सुरुवातीलाच आकडा आणि तारीख ठरवा. "९ पानं, दिवाळीपर्यंत." तीन आठवडे नवं पान, चौथ्या आठवड्यात एक जुनं, असा क्रम मी ठेवला. त्यापलीकडे नवं पान कधीही थांबवायचं नाही.

जुनं पान समोर ठेवून गिरवू नका. गिरवलं की जुन्या चुका नव्या रेषेत उतरतात. त्या पानावर काय घडतं ते एका वाक्यात लिहा, काडेपेटीएवढ्या आकारात तीन-चार रचना करून बघा, त्यातली एक निवडा आणि मग शेवटी जुन्याशी ताडून पाहा. तीन गोष्टी मात्र जुन्याच ठेवा: पानाची पहिली आणि शेवटची चौकट, संवादांचा क्रम, आणि पात्रांचे कपडे. नाहीतर पुढचं-मागचं पान जुळत नाही.

खरा धोका सांध्याचा असतो. २०१५ च्या पानांमध्ये अचानक २०२१ चं पान आलं की वाचक दचकतो. त्याला वाटतं, आठवण किंवा स्वप्न सुरू झालं. यावर दोन उपाय आहेत. एकतर पूर्ण प्रसंग एकदम बदला, म्हणजे सांधा प्रसंगाच्या हद्दीवर पडतो. नाहीतर स्वतःला आवरा: तेव्हाचं पेन, तेव्हाची जाडी, तेव्हाचे मोजके रंग. मी दुसरा मार्ग धरला. ०.५ चं काळं पेन आणि एकच करडा रंग. आज येत असलेलं सगळं त्या पानात दाखवायचा मोह होतो, तो टाळावा लागतो.

या मोहाचं एक मोठं उदाहरण टिनटिनच्या ब्लॅक आयलंडमध्ये आहे. १९३८ च्या या गोष्टीत ब्रिटनचं चित्रण चुकीचं आहे म्हणून तिथल्या प्रकाशकानं हर्जेकडे १३१ चुकांची यादी पाठवली. हर्जेनं आपला सहकारी बॉब द मूर याला ब्रिटनला पाठवून आगगाड्या, गणवेश, इमारती यांची रेखाटनं आणवली आणि १९६६ मध्ये पूर्ण पुस्तक नव्यानं काढून प्रसिद्ध केलं. तपशील जास्त अचूक झाले. मला स्वतःला जुन्या आवृत्तीतला वेग जास्त आवडतो. त्याच हर्जेनं सोव्हिएत रशियातली आपली पहिली गोष्ट मात्र कधीच पुन्हा काढली नाही. १९७३ मध्ये ती मूळ कृष्णधवल रूपातच पुन्हा छापली गेली.

फाईल बनवतानाच छपाईचा विचार करा, म्हणजे तिसऱ्यांदा काढावं लागत नाही. ए-फाइव्ह पुस्तकासाठी चारही बाजूंना ३ मिलिमीटर जास्तीचं चित्र धरून कॅनव्हास १५४ बाय २१६ मिलिमीटरचा होतो, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १८१९ बाय २५५१ पिक्सेल. नुसती काळी रेषा असेल तर ६०० डीपीआय ठेवा. कागदावरची मूळ पानंही ६०० नंच स्कॅन करा. अक्षरं, रेषा आणि रंग यांचे थर वेगळे ठेवा. वेबसाठी यातूनच लहान प्रत काढायची.

पायरी ७: जुनं पान जपायचं कसं

विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. १९१९ मध्ये काम सुरू झालं, १९६६ मध्ये संपलं. देशभरातली १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली. एक पाठ ठरवला, पण जे पाठ बाजूला ठेवले ते फेकले नाहीत, तळटीपांमध्ये आणि परिशिष्टांमध्ये नोंदवून ठेवले. आपल्या २१२ पानांसाठीही मला हाच मार्ग बरोबर वाटतो: नवं पान वर, जुनं पान पाठभेद म्हणून खाली.

व्यवहारात ते असं करा. फाईलच्या नावात पान, आवृत्ती आणि वर्ष ठेवा: "पान००७-आ१-२०१५", "पान००७-आ२-२०२१". आवृत्ती एकच्या फाईली स्वतंत्र फोल्डरमध्ये टाकून त्यांच्या दोन प्रती करा, एक घरच्या हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर. स्वतःची साइट असेल तर पानाचा पत्ता बदलू नका. लोकांनी पाठवलेले दुवे मोडतात. नवं चित्र त्याच पत्त्यावर ठेवा आणि खाली "मूळ पान, २०१५" असा दुवा द्या. इन्स्टाग्रामवर टाकलेल्या पोस्टमधलं चित्र काढून त्याच जागी दुसरं ठेवता येत नाही, म्हणून तिथे जुनी पोस्ट राहू द्या. ती पुसली की खालच्या सगळ्या प्रतिक्रिया जातात. वेबटून या कॉमिक्सच्या साइटवरच्या 'कॅनव्हास' विभागात भाग संपादित करता येतो, पण तिथली रुंदी ८०० पिक्सेल असल्यानं अक्षराचा आकार त्या मानानं पुन्हा मोजा.

गोष्ट दुसऱ्या कुणी लिहिली असेल तर बदलण्याआधी त्यांना पान दाखवा. एखाद्या अंकासाठी किंवा कंपनीसाठी पैसे घेऊन काढलेलं काम असेल तर कराराचा कागद आधी वाचा. चित्र तुमच्या हातचं असलं तरी हक्क तुमच्याकडेच असतील असं नाही.

पुस्तक करताना

वेबवर वाचक आठवड्याला एक पान बघतो, पुस्तकात दोनशे पानं एका बैठकीत. त्यामुळे लेटरिंग आणि काळ्याचा गडदपणा सगळीकडे सारखा करणं इथे खरोखर गरजेचं आहे. मजकूर आणि काळी रेषा फक्त काळ्या शाईतच ठेवायला सांगा. चार रंगांनी बनवलेलं काळं असेल आणि छापताना प्लेट केसभर हलली तर अक्षराच्या कडेला रंगीत सावली येते. एका प्रकरणाचं प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, काढून घ्या, उन्हात नेऊन बघा.

सदाशिव पेठेतल्या प्रेसमध्ये मी फाईल घेऊन गेले तेव्हा काकांनी पानं मोजली. १६ पानांचा एक फर्मा. १३ फर्मे म्हणजे २०८, त्यात २१२ मावत नाहीत, १४ म्हणजे २२४. शीर्षक, श्रेय आणि अर्पण यांत ४ गेली.

"ताई, शेवटची ८ पानं कोरी जातायत. जाहिराती घ्यायच्यात का?"

"नको काका, उद्या देते."

घरी येऊन मी आवृत्ती एकचं फोल्डर उघडलं आणि ८ पानं निवडली. विनोद बदललेलं एकोणिसावं पान त्यात घेतलं नाही. बाकीची २०१५ ची पानं तुटलेल्या जोडाक्षरांसकट आहेत, प्रत्येकाखाली पान क्रमांक आणि साल. पहिलंच सातवं पान आहे, दरवाजा आजीच्या खांद्याएवढा.